अनुक्रमांक सात

गाडी तापते, हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं, आणि माझ्या मानहानीला तिथूनच सुरुवात झाली.

सासूबाईंच्या घराकडे जाणाऱ्या चढावर आम्ही अर्ध्यात होतो. मी तिला ऑफिसातला एक किस्सा रंगवून सांगत होतो, ज्यात शेवटी माझंच बरोबर निघतं. ती मध्येच म्हणाली, "अहो, तो काटा बघा."

"कुठला काटा?"

"थर्मामीटरसारखं चित्र आहे ना, त्याच्या शेजारचा. लाल पट्ट्यावर गेलाय."

अकरा वर्षं ही गाडी मी चालवतोय. असा काही काटा तिच्यात आहे, हे मला त्या क्षणी कळलं. पण बायकोसमोर हे कबूल करणं म्हणजे पुढची अकरा वर्षं ऐकून घेणं. मी म्हणालो, "तो तसाच असतो. चढावर गाडी चढते, तसा काटाही चढतो." एवढं बोलून होतंय तोच बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. बायको काही बोलली नाही. तिने फक्त काच खाली केली आणि पर्समधून मासिक काढून वाचायला घेतलं. बोलली असती तर परवडलं असतं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी भांडारपाल आहे. आमच्या कार्यालयातल्या खुर्च्या, पंखे, कपाटं, घंट्या यांची जी जाडजूड नोंदवही असते, तिला जडवस्तू नोंदवही म्हणतात. ती गेली सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. सव्वीस वर्षांत तिच्यात एक खाडाखोड नाही. माझं अक्षर सुवाच्य आहे. हे मी म्हणत नाही, दोन तपासणी अहवालांत तसा शेरा आहे. अशा माणसाच्या गाडीने भर चढावर वाफ सोडावी, हे मला वैयक्तिक वाटलं.

इंजिन निवल्यावर उतारावरून हळूहळू घरी आलो आणि लगेच गाडी रिकामी करायला घेतली.

हे कशाला, असं विचाराल, तर त्यामागे एक छत्री आहे. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी विश्वासाने गाडी दिली. परत आली तेव्हा तिच्यातली माझी काळी, लाकडी मुठीची छत्री गायब. नोकरीला पंचवीस वर्षं होतील तेव्हा काहीतरी देऊ, असं म्हणत सहकाऱ्यांनी बाविसाव्या वर्षीच देऊन टाकलेली छत्री! मी त्यांना अकरा पत्रं पाठवली. उत्तर एकालाच आलं, आणि त्यात माझ्या गाडीचा रंग चुकीचा होता. त्या दिवशी मी शपथ घेतली की गाडी कुणाच्याही हातात द्यायची तर नुसती गाडी द्यायची. यादी करायची, यादीबरहुकूम वस्तू काढायच्या, घरात जमिनीवर ओळीने मांडायच्या, आणि गाडी परत आली की त्याच क्रमाने परत लावायच्या. बायकोच्या मते हा आजार आहे. माझ्या मते ही पद्धत आहे.

यादी सात वस्तूंची. एक, स्टेपनी. दोन, जॅक व पाना. तीन, रबरी मॅट, नग चार. चार, म्युझिक सिस्टिमचा निघणारा भाग. पाच, कागदी रुमालांचा डबा, अर्धा भरलेला. सहा, मागच्या काचेजवळची उशी. आणि सात, संरक्षक जाळी, दोन पदरी.

या जाळीचा मला फार अभिमान. दोन महिन्यांपूर्वी उंदरांनी इंजिनातली एक वायर कुरतडली होती. आमच्या खालच्या मजल्यावर पंपवाले काका राहतात. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य काढून निवृत्त झालेत, आणि जगात जे काही बिघडतं ते पाण्यामुळे किंवा पाण्याअभावी, असं त्यांचं ठाम मत आहे. उंदरांवर मात्र त्यांनी जाळीचा उपाय सांगितला. मी बारीक विणीची जाळी आणली, बायकोकडून मशीनवर शिवून घेतली, कडेला स्पंजची पट्टी, कोपऱ्यांत आकडे. बॉनेट उघडून पुढच्या बाजूला टक्‌कन बसायची आणि टक्‌कन निघायची. बाहेरून कुणाला पत्ताही लागायचा नाही. असली वस्तू गॅरेजमध्ये कोण सोडणार? उद्या दुसऱ्याच्या गाडीला दिसायची.

तर सातही वस्तू घरात घेतल्या आणि गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याचं गॅरेज म्हणजे आमच्या इमारतीच्या कंपाउंडला लागून असलेली पत्र्याची शेड. जागा इमारतीची. दर वर्षी सभासदांच्या सभेत हात वर करून त्याला आणखी एक वर्ष मिळतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बोलण्यापेक्षा ऐकतो जास्त, तेही इंजिनाचं.

"कधी तापते?" त्याने विचारलं.

"चढावर."

"एसी चालू असताना की बंद?"

"बायको बरोबर असताना."

तो हसला नाही. त्याने मला नीट समजावून सांगितलं, की इंजिनातलं गरम पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथे ते निवतं, आणि परत आत जातं. ह्या फेऱ्यात कुठेतरी अडलं की इंजिन तापतं. बरंच काही सांगितलं. मी मान हलवत होतो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. हात कुठे जातात, खिशात काही जातं का, हे मी बघत होतो.

त्याने रेडिएटरचं झाकण बदललं, गाडी त्याच चढावर दोनदा नेऊन आणली. काटा मध्यावर. मी गाडी घरी आणली, सात वस्तू क्रमाने लावल्या, आणि शनिवारी सासूबाईंकडे निघालो. चढ अर्धा झाला आणि वाफ.

दुसऱ्या खेपेला त्याने थर्मोस्टॅट बदलला; म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप. चढावर दोन फेऱ्या. काटा मध्यावर. घरी आणली, वस्तू लावल्या, शनिवार, चढ, वाफ. तिसऱ्या खेपेला त्याने पंखा तपासला, रेडिएटर उतरवून धुतला, पाण्याचा पंप उघडून बघितला, आणि या वेळी मला शेजारी बसवून चढावर नेलं. मी सगळा वेळ काट्यावर डोळे रोखून बसलो होतो. काटा हलायला तयार नाही. पाहुण्यांसमोर कार्टी कशी शहाण्यासारखी बसतात, तसा बसून होता.

"साहेब, माझ्याकडे तर तापतच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मी खोटं बोलतोय का?"

"तसं नाही. पण तुमच्याकडे गेल्यावर काय होतं, ते बघायला पाहिजे."

हा टोमणा होता की निदान, हे मला तेव्हा कळलं नाही. मी टोमणा धरला.

दरम्यान पंपवाल्या काकांनी सूत्रं हातात घेतली होती. "पाणी कमी पडतंय," ते म्हणाले, "आधी आत बघू." इंजिन पुरतं निवलेलं नसताना त्यांनी झाकणावर फडकं टाकलं आणि पिळलं. नेमके तेव्हाच इमारतीचे सेक्रेटरी पांढरा शर्ट घालून तिथून चालले होते. पाणी नशिबाने कोमट होतं, पण होतं गंजाचं. सेक्रेटरींनी आधी शर्टाकडे बघितलं, मग काकांकडे, आणि शेवटी माझ्याकडे, कारण गाडी माझी. काका म्हणाले, "बघा, दाब चांगला आहे!"

त्यांचा दुसरा सल्ला आणखी नामी. काटा चढू लागला की गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते आणि इंजिन निवतं. आता हा उपाय खरा आहे, गॅरेजवाल्यानेही तसं सांगितलं. पण तो मी भर दुपारी, मागच्या सीटवर सासूबाई असताना केला. त्यांनी पाच मिनिटं घाम टिपला. मग पदराने वारा घेत म्हणाल्या, "जावईबापू, मला डॉक्टरकडे नेताय की वाफवताय?" बायको खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, हे मी लिहून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मी तक्रार करायचं ठरवलं. अहो, किती सोसायचं माणसाने? तीनदा गाडी दिली, तीनदा त्याच्याकडे गार आणि माझ्याकडे गरम. याचा अर्थ सरळ आहे. हा मनुष्य दोष मुद्दाम शिल्लक ठेवतो, तपासणीपुरता दाबतो, आणि गिऱ्हाईक परत येईल अशी तजवीज करतो. वार्षिक सभा आठ दिवसांवर होती. शेडचा ठराव त्यातच येणार होता.

बायको म्हणाली, "त्याने आपलं काय चोरलंय आजवर?"

"काही नाही. कारण मी काही ठेवतच नाही."

"त्या शेडवर त्याचं घर चालतं. तुमच्या एका कागदाने ते जाईल, कळतंय का?"

"मी फक्त वस्तुस्थिती मांडतोय," मी म्हणालो. हे वाक्य मी ऑफिसात अनेकदा वापरतो आणि ते नेहमी शेवटचं ठरतं. घरात ठरलं नाही, पण मी लिहायला बसलो.

तक्रार अशी झाली की माझा मलाच आनंद झाला. 'सदर गॅरेजचालक हेतुपुरस्सर दोष कायम ठेवत असून त्यास दिलेली जागा पुढे चालू ठेवू नये.' सोबत परिशिष्ट अ, गाडी तापल्याचे दिनांक. आणि परिशिष्ट ब: 'अशा इसमांपासून सावधगिरी म्हणून प्रत्येक वेळी गाडीतून काढून ठेवाव्या लागलेल्या वस्तू', अनुक्रमांक एक ते सात, तपशिलासह. सेक्रेटरींनी तीन प्रती मागितल्या, पोचेवर शिक्का मारला, आणि नियमाप्रमाणे एक प्रत सभेच्या आधी सात दिवस नोटीस बोर्डावर लावली. शर्टाचा डाग त्यांच्या चेहऱ्यावर अजून दिसत होता, पण नियम म्हणजे नियम.

बोर्डामुळे लोकांना वाचा फुटली. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, त्यांच्या स्कूटरचा आरसा याने घट्ट केला तरी हलतो. एकांना हॉर्नचा आवाज बदलल्यासारखा वाटत होता. ज्यांच्याकडे वाहनच नाही त्यांना शेडमुळे डास होतात असं आठवलं. चार दिवसांत वातावरण असं तयार झालं, की शेड जाणार हे लोक ठरल्यासारखं बोलू लागले.

गुरुवारी मी ऑफिसातून येत होतो. गॅरेजवाला बोर्डासमोर उभा होता, चिंध्यांना हात पुसत. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर बराच वेळ थांबला. मग वळला आणि मी दिसलो.

"साहेब," तो म्हणाला, "अक्षर छान आहे."

आणि गेला. मी जिना चढलो, पण त्या दिवशी जिना जरा जास्त वाटला.

त्याला खोटं पाडण्यासाठी मी शनिवारी गाडी पुन्हा त्याच्याकडे टाकली होती. त्याने बघतो म्हणून ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत दिली. काही केलं नाही, म्हणाला. रविवारी सहाला सभा. सकाळी सात वस्तू बैठकीच्या खोलीत ओळीने पडलेल्या होत्या. बायको चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि बराच वेळ उभीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे सगळं काढलेलं असतं तेव्हा गाडी तापत नाही."

"बरं."

"हे सगळं लावता तेव्हा तापते."

"मग?"

"मग यातलंच काहीतरी तापवतंय."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, उशी तापवते का? रुमालांचा डबा तापवतो? ती हसली नाही. किल्ली घेतली आणि म्हणाली, "यादी घ्या. एकेक लावत जाऊ."

तिने गाडी चालवली, मी यादी धरून शेजारी बसलो. सव्वीस वर्षांत माझ्या नोंदवहीवर एवढा संशय कुणी घेतला नव्हता. आधी स्टेपनी. चढ, काटा मध्यावर. खाली येऊन जॅक व पाना. काटा मध्यावर. मॅट, नग चार. मध्यावर. प्रत्येक वस्तूसमोर मी पेनाने बरोबरची खूण करत होतो आणि प्रत्येक खुणेबरोबर माझा आवाज चढत होता. उशी निर्दोष सुटली तेव्हा मी म्हणालो, "झालं समाधान? आता उरली जाळी. म्हणजे दोष गाडीतच आहे, आणि तो त्याने ठेवलाय."

तिने बॉनेट उघडलं, जाळी टक्‌कन बसवली आणि गाडी चढावर घेतली.

अर्ध्या चढावर काटा हलला. आधी थोडा, मग थांबल्यासारखा, मग सरळ लाल पट्ट्याकडे. मी काट्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन तसंच चालू ठेवून बॉनेट उघडलं, आणि ते चार आकडे हिसक्याने सोडवले. पंख्याचा आवाज एकदम मोकळा झाला. पाच मिनिटांत काटा मध्यावर.

रेडिएटरला समोरून वारा लागला तरच पाणी निवतं. हे गॅरेजवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा त्याचे हात बघत होतो.

"शिवली मीच," बायको म्हणाली. "पण दोन पदरी करायला काकांनी सांगितलं होतं?"

"नाही. त्यांनी एकच सांगितला होता."

"मग?"

"म्हटलं, दोन असू द्या."

उरलेल्या रस्त्यात मी जाळी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला लाज वाटत होती, हे सांगून टाकतो. पण लाजेच्या खालोखाल मला असंही वाटत होतं, की हे बाहेर कळायची काही गरज नाही.

मी थेट सेक्रेटरींकडे गेलो. "तक्रार मागे घ्यायची आहे."

"घेता येते," ते म्हणाले. "अर्ज द्या. कारण लिहा."

"वैयक्तिक."

"वैयक्तिक चालत नाही. तक्रार बोर्डावर लागली, म्हणजे ती सगळ्यांची झाली. कारण सविस्तर लिहायचं आणि अर्जदाराने सभेत स्वतः वाचायचं. नियम बारा." त्यांनी नियमावली माझ्यापुढे सरकवली. ही नियमावली तीन वर्षांपूर्वी मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. नियम बाराही माझाच. कुणी खोडसाळ तक्रारी करू नयेत, म्हणून घातलेला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, की नाहीतरी ठरावावर मतदान आहेच, मी हात वर करीन, बाकीचेही करतील, बोलायची आवश्यकता नाही. ती साडीला पिन लावत होती. "तुम्ही नाही वाचलंत तर मी वाचीन," ती म्हणाली. "आणि मी हीटरपासून सुरुवात करीन."

सहा वाजता गच्चीवर सभा भरली. इमारतीतले सगळे आले होते. पाण्याच्या टाकीच्या विषयाला इतके कधी येत नाहीत. गॅरेजवाला मागे, कठड्याला टेकून उभा होता, धुतलेल्या शर्टात. त्याला बसायला खुर्ची दिली नव्हती, आणि ती द्यायची कुणाला आठवणही झाली नव्हती. मी उभा राहिलो. कागद हातात होता आणि अक्षर नेहमीसारखंच होतं, तरी मला ते लागेना. अडखळत वाचलं. परिशिष्ट ब, अनुक्रमांक सात. जाळी अर्जदाराने स्वतः बसवली. गॅरेजमध्ये नेण्याआधी अर्जदार ती काढून ठेवत असे. गॅरेजचालकाला ती कधी दिसलीच नाही. त्याचा काही दोष नाही.

गच्चीवर असा हशा उठला की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. पंपवाले काका उभे राहून सांगत होते, "एक पदर! मी एकच सांगितला होता!" सेक्रेटरी हसता हसता शर्टाचं पुढचं बटण चाचपत होते. ठराव एकमताने पास झाला. ज्यांना डास आठवले होते त्यांचे हात सगळ्यात उंच होते.

जिन्याशी मी त्याला गाठलं. "तुला... तुम्हाला आधी काही अंदाज आला नव्हता?"

"गुरुवारी आला. बोर्डावर वाचलं ना. सात नंबर वाचला तेव्हाच कळलं."

"मग शनिवारी गाडी होती तुमच्याकडे! बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू," तो म्हणाला, "तुम्ही काय करता." आणि जिना उतरून गेला.

महिन्याभराने तेल बदलायची वेळ आली. या वेळी मी एकही वस्तू काढली नाही. स्टेपनी, मॅट, उशी, सगळं जिथल्या तिथे ठेवून, किल्ली त्याच्या हातावर ठेवत चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सगळं आत आहे बरं का! काही काढलं नाही. आपल्या माणसाकडे कसली आलीय भीती?" बायको बरोबर होती. तिने कपाळाला हात लावला.

"थांबा जरा," गॅरेजवाला म्हणाला.

त्याने शेडमधून एक फळी आणून टेकवली. मग माझ्या गाडीतली एकेक वस्तू काढून त्या फळीवर ओळीने मांडली. स्टेपनी, जॅक, पाना. मॅट झटकून, मोजून चार. मागची सीटही उपटून बाहेर ठेवली. मग खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि वाकडंतिकडं, दाबून लिहीत गेला. लिहून झाल्यावर पुठ्ठा माझ्यापुढे धरला.

"मोजून घ्या. घरी ठेवून या, मग हात लावतो. सही करा इथे."

मी वाचलं. एक ते सहा माझ्याच क्रमाने होतं. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'छत्री काळी, १. सीटच्या पाठीमागच्या फटीत.'

मी फळीकडे बघितलं. उशीच्या पलीकडे ती पडली होती. लाकडी मूठ, काड्यांना थोडा गंज, चार वर्षांची धूळ.

"ही तुमच्या यादीत नव्हती," तो म्हणाला. "म्हणून शेवटी लिहिली."

बायको छत्रीकडे बघत होती आणि मी पुठ्ठ्याकडे. त्याने पेन्सिल पुढे केली. मी सही केली. ती काही सुवाच्य आली नाही.